एकाहत्तर ग्रॅमचा खुलासा

एकतीस वर्षं मी सरासऱ्या काढल्या. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत जे जे मोजता येतं ते ते माझ्या टेबलावरून गेलं. शेळ्या, संडास, नागलीचं पीक, गळकी छपरं, शाळा सोडलेली मुलं आणि एकदा, वरून विचारणा झाली म्हणून, गाढवं. गाढवं सापडली नाहीत. तसं 'निरंक' लिहून पाठवलं, तर 'निरंक असल्याची प्रत्यक्ष खात्री केली आहे काय?' असं उलट पत्र आलं. आम्ही नसलेली गाढवं पाहायला दोन दिवस हिंडलो आणि प्रत्यक्ष खात्री केली.

माझा हुद्दा सांख्यिकीचा होता. ते नाव पाड्यावर कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून लोक मला 'आकडेवाले भाऊसाहेब' म्हणत. पुढे जे सांगणार आहे ते दोन तालुक्यांपैकी नेमक्या कुठल्या कार्यालयात घडलं, ते मी सांगणार नाही. पाड्याचं नाव आणि माणसांची नावंही बदलली आहेत. साहेबांचं नाव तर मी नोकरीत असतानाही घेत नव्हतो.

आधी माझा धंदा थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच उगवला.

जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या दोन जीपगाड्या होत्या. एकीचा चालक वयस्क. तो कधी चाळीस मिनिटांत पोचवायचा, कधी पंचेचाळीस, कधी पन्नास. दुसरा तरणा, मुंबईत काही वर्षं टेम्पो चालवून आलेला. तो कधी पंचवीस मिनिटांत, कधी पस्तीस आणि कधी सव्वा तासात. दोघांची सरासरी काढा, बरोबर पंचेचाळीस मिनिटं. कागदावर दोघं जुळे भाऊ. पण ज्याला तहसीलमध्ये अकराची तारीख आहे तो माणूस म्हाताऱ्याच्याच जीपमध्ये बसणार. तरण्याला मी हे एकदा समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊसाहेब, टेन्शन कायको लेता? कधी ना कधी तर पोचवतोच ना?"

सरासरी सांगते की आकडे कुठल्या खुंटीभोवती आहेत. ते खुंटीपासून किती लांब भटकतात, हे ती सांगत नाही. त्यासाठी आमच्याकडे दोन मापं असतात. सोपं माप म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान वजा करायचा. त्यात खोट अशी की एखाद्या दिवशी घाटात म्हैस आडवी बसली, तर त्या एका म्हशीमुळे सगळं माप बिघडतं. दुसरं माप म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं. नुसत्या बेरजेत अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून त्या अंतरांचे वर्ग करायचे. वर्गांची सरासरी काढायची आणि शेवटी वर्गमूळ घेऊन पुन्हा जमिनीवर यायचं. आकडे एकमेकांना धरून असले तर विचलन लहान, विखुरलेले असले तर मोठं. एवढंच.

या विचलनाने मला एकदा मोठा मान मिळवून दिला. एका कर्मचाऱ्याने डोंगरउतारावर लावलेल्या चाळीस रोपांच्या उंचीचा तक्ता पाठवला होता. चाळीसच्या चाळीस रोपं दोन फूट तीन इंच. विचलन शून्य.

मी त्याला बोलावलं. "सगळी रोपं एकाच उंचीची कशी?"

तो जराही न डगमगता म्हणाला, "सगळी एकाच दिवशी लावलीत ना, भाऊसाहेब."

जागेवर गेलो. अकरा रोपं जिवंत होती, अकरा उंचींची. बाराव्याचं नुसतं खोड होतं आणि त्याला खाणारी शेळी शेजारीच रवंथ करत उभी होती. खऱ्या गोष्टी कधी एका मापाच्या नसतात. शून्य विचलन दिसलं की माझ्यासारख्याच्या मानेवरचे केस उभे राहतात.

हा किस्सा नव्याने आलेल्या साहेबांच्या कानावर गेला. साहेब उत्साही होते. त्यांच्या उत्साहाला तालुका पुरत नसे. त्यांनी मला बोलावून प्रमाण विचलन म्हणजे काय ते विचारलं. कुणीतरी वरच्या माणसाने आपल्या विषयात रस घ्यावा, ही हौस मला वीस वर्षं होती. मी पाऊण तास बोललो. फळ्यावर आकृती काढली. 'विचलन लहान असेल तर कामात सातत्य' हे वाक्य मी बोललो, हे मला मान्य आहे. 'पण शून्य आलं तर संशय घ्यावा' हेही बोललो होतो. ते बोलत असताना साहेबांना फोन आला.

आठवड्याभरात परिपत्रक निघालं. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने दुपारच्या आहाराची पाच ताटं वजन करून सरासरी आणि प्रमाण विचलन कळवावं. महिनाअखेर 'विचलन शून्यावर आणावं'. साहेबांच्या दालनात 'शून्य विचलन, समान पोषण' अशी पाटी लागली. पाटीच्या उद्घाटनाला मी टाळ्या वाजवल्या. माझ्याच विषयाची पाटी होती, न वाजवून करतो काय?

तिसऱ्या आठवड्यात शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर शून्यांचा पाऊस पडला. शून्य, शून्य, शून्य, खाली साहेबांचा अंगठा. एका शाळेने तर वजा दोन कळवलं. विचलन उणे असूच शकत नाही. पण साहेबांनी तिथेही अंगठा टाकला होता आणि एक फूलही.

फक्त एका शाळेने एकाहत्तर ग्रॅम कळवलं.

ती शाळा तालुक्याच्या टोकाला, डांबरी रस्ता सोडून तीन किलोमीटर आत असलेल्या एका पाड्यावर. आपण त्याला उंबरपाडा म्हणू. शिक्षक भोये गुरुजी, सरळ माणूस, ज्याला खोटा आकडा लिहिताना घाम फुटतो असा. स्वयंपाकाला सोमीबाई. पन्नाशीची, काटक, घरची जमीन नाही. पाऊस संपला की तिचं घरदार वीटभट्टीवर जायचं. शाळेचं काम मिळाल्यापासून ती मागे राहू लागली होती आणि तिच्यापाशी तिची नात, दुसरीतली फुला. सोमीबाईचं काम गेलं असतं तर दोघी भट्टीवर गेल्या असत्या आणि फुलाचं नाव पटावर उरलं असतं, फुला उरली नसती.

साहेब म्हणाले, "एकाहत्तर! चला, आत्ताच बघू."

त्या दिवशी पाऊस थांबलेला होता, म्हणून गाडी कशीबशी शाळेच्या दारापर्यंत गेली. साहेबांनी गाडीतून डिजिटल काटा काढला आणि स्वतः पाच ताटं उचलली. दीडशे, दोनशे, अडीचशे, तीनशे, साडेतीनशे. सरासरी अडीचशे, हवी होती तेवढीच. पण विचलन तेच, एकाहत्तर. गुरुजींनी कळवलेला आकडा तंतोतंत खरा निघाला. याबद्दल त्यांचं कौतुक होईल असं मला क्षणभर वाटलं.

"हे काय चाललंय?" साहेब सोमीबाईला म्हणाले. "आपल्या नात्यातल्या पोरांना जास्त, दुसऱ्यांना कमी?"

सोमीबाई म्हणाली, "नाय साहेब. ज्याला जेवढं लागल तेवढं."

अधिकाऱ्याने आहार चाखून पाहायचा असतो. सोमीबाईने साहेबांकडे एकवार खालीवर पाहिलं, नजर जास्त करून खालीच होती, आणि ताटात अर्धा डाव खिचडी वाढली. मलाही अर्धाच. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिचडी चांगली होती. तसं कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस गेली. 'आपण वाढलेल्या आहारात विद्यार्थीनिहाय एकाहत्तर ग्रॅम इतके विचलन आढळून आले असून ही बाब गंभीर स्वरूपाची आहे. सदर विचलन आपण कोणत्या कारणास्तव केले, याचा लेखी खुलासा सात दिवसांत समक्ष सादर करावा. अन्यथा आपणांस कामावरून कमी करण्यात येईल.' ती टंकायला माझ्याकडेच आली होती. मी तिच्यातला शुद्धलेखनाचा एक दोष काढला. याहून अधिक काही त्या दिवशी मी केलं नाही, हे लिहून ठेवलेलं बरं.

मात्र नोटीस पोचली त्या सोमवारपासून सलग सहा दिवस मी उंबरपाड्याला गेलो. कार्यालयात 'फेरतपासणी' असं सांगितलं. तरण्याची जीप मला डांबरी रस्त्यावर सोडायची आणि पुढे तीन किलोमीटर मी चालायचो. वाटेत एक ओहोळ. पोचेपर्यंत पँट पोटरीपर्यंत चिखलाने माखलेली असे.

पहिल्या दिवशी नोटीस हातात घेऊन सोमीबाईने विचारलं, "भाऊसाहेब, यात काय लिवलंय?"

"तुम्ही सगळ्यांना सारखं वाढत नाही, असं लिहिलंय."

"मंग? सारखं कशाला वाढू?"

"सरकारचं म्हणणं तसं आहे."

"सरकार वाढाय येतं का?"

गुरुजी घाईघाईने म्हणाले, "बाई, भाऊसाहेब आपल्या बाजूचे आहेत."

"मंग बसा म्हणा पोरांत. भुकेले दिसतात." तिने माझ्या चिखलाकडे पाहिलं आणि दीड डाव वाढला. साहेबांबरोबर आलो होतो तेव्हाच्या तिप्पट. मी एकदम सावध झालो. तीच बाई, तोच मी, तेच पोट. बदललं काय होतं?

"सोमीबाई, आज मला जास्त का?"

"चालत आलां ना. पाय बघा की तुमचे."

मग तिने डाव हातात धरून मला ओळ दाखवली. पोरं बाहेर चपला काढून भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढे. "ही बघा. पाय कोरडे. शाळेच्या आंगणातली. सकाळी घरी भाकर खाऊन आलीय, तिला एक डाव पुरं. हा घोट्यापर्यंत भिजलाय, म्हंजे खालच्या वस्तीवरला. आन् हा गुडघ्यापर्यंत चिखलात. वरल्या पाड्यावरला हाय, दोन ओहोळ उतरून येतो. अंधार असताना निघतो. त्याला आन् तिला सारखं वाढू? मना देव इचारल."

"पोरांनाच विचारायचं ना, कुणाला किती पाहिजे."

"इचारलं की पोरां खोटं बोलतात. घरी काय नव्हतं, असं कोन सांगल चारचौघांत? पाय खोटं बोलत नाय."

मी ताणकाटा काढला आणि कामाला लागलो. प्रत्येक ताट वाढल्यावर एकदा आणि जेवून झाल्यावर एकदा वजन करायचं. पोरांना हा खेळ फार आवडला. "भाऊसाहेब, माझं किती?" "तीनशे दहा." "ह्याचं?" "दोनशे नव्वद." "हारला, हारला!" शेजारी मी प्रत्येकाचं घर शाळेपासून किती लांब तेही लिहीत गेलो. चौथ्या दिवशी दोन रकाने समोरासमोर मांडले, तर अंतर वाढेल तशी खिचडी वाढत गेलेली. सोमीबाईला किलोमीटर ठाऊक नव्हते आणि ग्रॅमही. तिने दोन्ही एकमेकांशी जुळवून ठेवले होते.

एकच आकडा जुळेना. पाचव्या दिवशी शाळेला खेटून राहणाऱ्या, पाय खडखडीत कोरडे असलेल्या एका मुलीला तिने अडीच डाव वाढले. मला मनातून जरा आनंद झाला. इतका नेटका तक्ता पाहिला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

"हिचे पाय कोरडे आहेत, सोमीबाई."

"हां. पण सकाळी येताना हिच्या घरावर धूर नव्हता."

मी ते तक्त्यात लिहिलं. आमच्याकडे धुराला रकाना नसतो. समासात लिहिलं.

आणि साहेबांना ज्या नात्यागोत्याचा संशय होता, ती नात कुठली ते मी पाचव्या दिवशी विचारलं. गुरुजींनी बोट दाखवलं. साहेबांच्या पाच ताटांतलं दीडशे ग्रॅमचं ताट, सगळ्यात कमी, ते फुलाचं होतं. आजीबरोबर ती शाळेत सगळ्यांत आधी येते आणि घर अंगणापलीकडे.

सहाव्या दिवशी परतताना मी शून्य विचलनाच्या एका नामांकित शाळेत उतरलो. तिथलं जेवण उशिराचं, अजून चालू होतं. सगळ्यांना एकाच वाटीने मापून वाढत होते. लहानांच्या ताटात खिचडी उरली होती, मोठे ताट चाटून पुन्हा भांड्याकडे बघत होते. शाळेमागे उरलेलं टाकत तिथे चार कुत्री बसलेली, चारही सारखीच गुबगुबीत. तालुक्यातलं एकमेव खरं शून्य विचलन मी तिथे पाहिलं.

विचलन दोन जातींचं असतं. एक हलगर्जीपणाचं, जसं तरण्याच्या जीपचं. दुसरं कारण असलेलं. सूत्राला दोन्ही सारखीच दिसतात. फरक पाहायला पायांनी तिथवर जावं लागतं. हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, खाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

प्रश्न राहिला तो खुलाशाचा. 'पाय पाहून वाढते' असं लिहिलं तर साहेब हसणार. 'शून्य हे ध्येयच चुकीचं आहे' असं लिहिलं तर पाटी उतरवावी लागणार, आणि पाटी उतरवण्यापेक्षा एक स्वयंपाकीण उतरवणं कुणालाही सोपं. तिच्या नवऱ्याने भट्टीच्या मुकादमाला 'यंदा दोन माणसं जास्त' असं सांगूनही ठेवलं होतं. गुरुजी मला म्हणाले, "भाऊसाहेब, साहेबांना शून्य पाहिजे हो. दुसरं काही ऐकणार नाहीत."

"मग शून्यच देऊ," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, आम्ही तिघं साहेबांच्या दालनात उभे होतो, पाटीच्या बरोबर खाली. सोमीबाई नवं लुगडं नेसली होती आणि नोटीस तिने पदरात बांधून आणली होती.

साहेबांनी वर न बघताच विचारलं, "विचलन शून्यावर आलं का?"

"आलं, साहेब," मी म्हणालो.

सोमीबाईने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी तक्ता पुढे सरकवला. "सहा दिवस, रोजचं प्रत्येक ताट. जेवणानंतर ताटात उरलेलं अन्न. सरासरी शून्य, प्रमाण विचलन शून्य."

एका मुलीने कढीपत्त्याचं एक पान काढून ठेवलं होतं. ते मी अन्नात धरलं नाही. माझ्या सबंध नोकरीत आकड्यांत केलेली ही एकमेव लबाडी.

"दोन्ही शून्य?" साहेब आता वर बघत होते.

"दोन्ही."

"तालुक्यात आणखी कुठे आहे असं?"

"मी पाहिलं तिथे तरी नाही. एकाच मापाने वाढणारी शाळा पाहिली, तिथे उरलेल्या अन्नाचं विचलन फार मोठं आहे."

साहेबांनी तक्ता जवळ घेतला आणि रकान्यांवरून बोट फिरवलं. "पण वाढतानाचे ते एकाहत्तर ग्रॅम?"

"ती हे शून्य आणण्याची पद्धत आहे, साहेब."

'पद्धत' हा शब्द साहेबांना पोचला. ते खुर्चीत मागे रेलले. "बाई, ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?"

"कंची?"

"ही. वाढायची."

"साहेब," सोमीबाई म्हणाली, "वाढाय कोन शिकवतं?"

साहेबांनी नोटीस मागितली. तिने पदराची गाठ सोडली, पण हातातून कागद सुटेना. तिला वाटलं नोटीस परत केली की काम गेलं. गुरुजींनी हळूच कानात सांगितल्यावर तिने ती दिली. साहेबांनी तिच्यावर 'खुलासा मान्य' असं लिहून सही केली. बाहेर आल्यावर ती ओसरीवर मटकन बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "मुकादमाला आता सांगाय पाहिजे, दोन माणसं कमी."

पुढचं सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. महिन्याभरात परिपत्रक निघालं, 'आहार वाढण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या पायांची पाहणी करून नोंद ठेवावी'. नमुन्यात तीन रकाने होते: कोरडे, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. ते पोचतं न पोचतं तोच स्वच्छतेचं दुसरं आलं, 'जेवणापूर्वी सर्व विद्यार्थ्यांनी हात-पाय धुवावेत'. तालुक्यातल्या सगळ्या पायांची नोंद 'कोरडे' झाली. विचलन शून्य. व्हॉट्सअॅपवर पुन्हा अंगठे. सोमीबाईने मात्र वाद घातला नाही. ती पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभी राहू लागली आणि पोरांच्या पायांवर स्वतः पाणी ओतू लागली. साहेबांनी तिचा स्वच्छतेसाठी शाल देऊन सत्कार केला.

निवृत्त झाल्यावर गेल्या श्रावणात मी उंबरपाड्याला गेलो. भोये गुरुजींची बदली झाली आहे. फुला आता जव्हारला वसतिगृहात राहून नववीत शिकते. तिथलं सगळं बरं आहे, सोमीबाई म्हणाली, फक्त सगळ्यांना सारखंच वाढतात. तिला तिथल्या पोरींची काळजी वाटत होती.

रस्ता आता शाळेच्या दारापर्यंत डांबरी झाला आहे. तरणा आता तरणा राहिलेला नाही, पण त्याने मला पायरीशी उतरवलं. पोरं ओळीने बसली होती. सोमीबाईने आग्रह करून मलाही ओळीत बसवलं, नवं ताट धुऊन पुढे ठेवलं, विचारपूस केली, डाव भरून घेतला आणि वाढण्याआधी माझ्या पायांकडे पाहिलं.

बुटांवर धूळसुद्धा नव्हती.

तिने डाव पातेल्यात अर्धा रिकामा केला आणि उरलेला मला वाढला. मागे तीन किलोमीटर जाऊन चालत यावं, असं मात्र जेवण संपेपर्यंत मनात घोळत राहिलं.